मागचं वजन

त्याला सगळे खांब म्हणायचे. लग्नाच्या हॉलमध्ये कॅमेरा घेऊन तो पाय रोवून उभा राहिला, की पाहुणे त्यालाच टेकून बूट घालतात, अशी त्याच्याबद्दलची थट्टा होती. खांद्यावर तो जुना पेटीएवढा कॅमेरा, एक डोळा मिटलेला, आणि चित्र भिंतीवरच्या तसबिरीसारखं स्थिर. तीन पायांचा स्टँड लावणं त्याला कमीपणाचं वाटे. "स्वतःचे पाय नाहीत त्यांच्यासाठी असतो स्टँड," म्हणायचा.

त्याची बायको आम्हा सगळ्यांची वहिनी. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा स्टुडिओ. ऑर्डर घेणं, बॅटऱ्या चार्ज करणं, वायरी गुंडाळणं आणि नंतर संगणकावर बसून चित्रण कापणं-जोडणं, हे सगळं तिच्याकडे. म्हणून ते आधी तिच्याच लक्षात आलं. पडद्यावर नवरी हसत होती आणि तिच्यामागची भिंत थरथरत होती.

"अहो, हे हलतंय."

"हलणारच. हे नवे कॅमेरे म्हणजे साबणाच्या वड्या. हातात राहतात का?"

अगदीच खोटं नव्हतं ते. जुना कॅमेरा मोडीत निघाला होता, नवा तळहातावर मावत होता, आणि हलक्या कॅमेऱ्यात हाताचा बारीकसा झटकाही उतरतो. पण चहाचा कपही बशीवर वाजायला लागला होता, आणि कप काही नवा नव्हता. "एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" तिने विचारलं. "का? डॉक्टर येणार आहे का शूटिंगला?" तो म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

मग सुरू झाली आधारांची खरेदी. आधी एकपायी दांडी आणली, ती गर्दीत कुणाच्या तरी पायावर पडली. मग कमरेचा पट्टा आणला, त्याने कंबर सोलून निघाली. शेवटी त्याने ठरवलं, खांद्यावरची रिगच हवी, म्हणजे कॅमेरा खांद्यावर टेकवायचा सांगाडा. पूर्वीसारखं खांद्यावर वजन आलं की सगळं ठीक होईल.

दुकानात तो वहिनीलाही घेऊन गेला. दुकानदार बोलका होता. चार रिग त्याने काउंटरवर मांडल्या. खांबाने त्या एकेक करून खांद्यावर ठेवून पाहिल्या. एकीची गादी फार अरुंद, हाडावर रुतणारी. दुसरीच्या मुठी छातीच्या फार जवळ. तिसरीला मागे वजनच नव्हतं, सगळा भार पुढे, मनगटांवर. "ही माणसाला पालथं पाडणार," तो म्हणाला आणि दुकानदार हसला. चौथी त्याच्या मनासारखी होती. रुंद गादी, पुढेमागे सरकणाऱ्या दांड्या, आणि पाठीमागे कॅमेऱ्याला तोलणारं लोखंडी वजन. कितीतरी दिवसांनी वहिनीला त्याचा चेहरा सैल झालेला दिसला.

"थांबा साहेब, टीव्हीला जोडून देतो. म्हणजे चित्रच बघा," दुकानदार म्हणाला.

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर समोरचं कपाट उमटलं, आणि ते कपाट थरथरू लागलं. दुकानदाराने मुठी आवळल्या. वजन थोडं मागे सरकवलं. कपाट थरथरतच राहिलं. "दांडी ढिली असेल," असं म्हणत तो स्क्रू पिळत राहिला. आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन टीव्हीकडे बघत उभी राहिली. शेवटी दुकानदार सहज बोलून गेला, "वहिनी, तुम्ही धरा बरं जरा. रिगमध्येच काही दोष आहे का ते तरी कळेल."

तिला नाही म्हणायचं होतं. पण तोवर दुकानदाराने रिग तिच्या खांद्यावर ठेवलीसुद्धा होती.

कपाट जागच्या जागी थांबलं.

ती मुद्दाम हलवायला गेली, पण ते इतकं उघड दिसलं असतं, की तिने तेही सोडून दिलं. "हीच द्या," खांब म्हणाला.

त्यानंतरच्या एका लग्नाचं चित्रण मुलीच्या वडिलांनी परत आणून टाकलं. "आमच्याकडे लग्न होतं, भूकंप नव्हता," ते म्हणाले. मग मात्र खांब डॉक्टरांकडे गेला. आजाराला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनी थरथर कमी होते, जात नाही, एवढंही डॉक्टरांनी सांगितलं.

कॅमेरा वहिनीने घ्यायचा असं ठरलं, पण त्याच्या अटीवर. लोकांपुढे उस्ताद तोच, ती नुसती हातभार लावणारी. तिने मान्य केलं. मग भर मांडवात तो तिच्या कानाशी उभा राहून ओरडायचा, "डावीकडे! अगं डावीकडे, डोळे आहेत का खोबण्या?" पाहुणे हसायचे. ती डावीकडे वळायची. रिगच्या दांड्या त्याच्या मापाला लावलेल्या होत्या. त्या आत सरकवल्या तर त्याच्या मनाला लागेल, म्हणून ती गादीखाली टॉवेलची घडी घालून काम करायची.

पण काम काही लपत नाही. तिला माणसं कळायची. कोण आता रडणार, कोण कुणाकडे चोरून बघणार, हे ती आधीच ओळखायची आणि कॅमेरा तिथे नेऊन ठेवायची. लोकांचे फोन यायला लागले. एक फोन नेमका खांबानेच उचलला. पलीकडचा म्हणाला, "ताईंनाच पाठवा हं. साहेब नाही आले तरी चालेल."

त्याने निरोप मात्र अक्षर न बदलता दिला. आणि त्या कामाला तो गेला नाही.

हॉलवर पोहोचून वहिनीने पेटी उघडली, तर रिगचं मागचं वजन नव्हतं. तिने स्वतः ते आदल्या दिवशी पुसून आत ठेवलं होतं. क्षणभर ती पेटीत नुसती बघत राहिली. मग हॉलच्या चौकीदाराकडून दार अडवायचा दगड मागून घेतला, पिशवीत घालून रिगच्या मागे बांधला आणि दिवसभर उभी राहिली. पिशवी पाठीवर आपटत होती. संध्याकाळी घरी आली तेव्हा उजवा हात वर जात नव्हता.

तो वर्तमानपत्र वाचत बसला होता.

"झालं काम?"

"झालं."

"काही अडचण?"

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.

त्याने पान उलटलं. कागद खूप वेळ फडफडत राहिला. पुढे कपडे आवरताना त्याच्या कप्प्यात, मोज्यांच्या खाली, ते वजन तिला सापडलं. तिने ते उचलून पेटीत ठेवलं आणि त्याच्याशी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला मात्र एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "भावोजी, हात थरथरतात ते आजाराने. पण हे वजन काढून ठेवलं ना, तेव्हा हात अजिबात थरथरला नसेल."

खांबाने नंतर स्टुडिओत पाऊल टाकलं नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. परगावी असलेल्या मुलीला त्याने फोनवर सांगितलं, "तुझ्या आईने माझ्या खांद्यावरून कॅमेरा ओढून घेतला." मुलगी बापाची लाडकी. ती आईला म्हणाली, "बाबांचं दुखणं दिसत होतं ना तुला? मग थोडं थांबायचं होतंस. त्यांचं दुसरं काय होतं गं?"

वजनाची गोष्ट सांगितली असती, तर मुलगी गप्प झाली असती. पण तिच्या मनातून बाप उतरला असता. वहिनी म्हणाली, "चुकलं माझं."

आता त्याच्या शर्टाची बटणं तीच लावते. तो मान वर करून छताकडे बघत राहतो. ती कामाला निघाली की तो कुठे म्हणून विचारत नाही.

यंदा नातवाचा पहिला वाढदिवस मुलीने इथेच हॉल घेऊन केला. आम्ही शेजारीही गेलो होतो. दारातच एक अनोळखी माणूस कॅमेरा लावून उभा होता. मुलगी आईला बाजूला घेऊन म्हणाली, "तुला कॅमेरा घेतलेलं बघून बाबांना वाईट वाटेल, म्हणून बाहेरचा बोलावला. तू आज मस्त आराम कर."

वहिनी नवे कपडे घालून पहिल्या रांगेत बसली. शेजारच्या खुर्चीत खांब, मांडीवर हात दाबून धरलेले. त्या माणसाने नातवाला नेमकं उन्हाच्या खिडकीकडे पाठ करून बसवलं. चित्रात बाळाचा चेहरा काळा पडणार, हे वहिनीला दिसत होतं. खांबालाही दिसत असणारच. दोघं एकमेकांकडे न बघता टाळ्या वाजवत राहिले.