चाळीस वाक्यांचं इंग्रजी

माझ्या वयाची माणसं जमली की हमखास म्हणतात, आमच्या काळचं इंग्रजी म्हणजे काय पक्कं होतं! ती कुठल्या शाळेत गेली होती कोण जाणे. मी अंबडच्या शाळेत गेलो, आणि आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली. त्यांना स्वतःला ते कधीच कळलं नाही.

निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं सगळं शिकवणं उर्दूत चाले. मी जवळच्या एका खेड्यातल्या कुणब्याचा पोरगा, घरी मराठी. उर्दूशी झटापट संपते न संपते तोच इंग्रजी आलं. मास्तर मराठीच होते. ते इंग्रजी उर्दूतून शिकवत आणि शिव्या मराठीतून देत. त्यातल्या शिव्याच तेवढ्या शुद्ध असत.

त्यांच्याजवळ काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यात चाळीस वाक्यं होती, त्यांच्या मास्तरांनी त्यांना उतरवून दिलेली. तिमाही, सहामाही आणि सालाना परीक्षेत याच चाळीसांतली वाक्यं गाळलेल्या जागा करून येत. ती पाठ असली की इंग्रजी आलं. विरामचिन्हांचा त्यांचा नियम तर डोक्याला ताप होता. स्वल्पविरामाला एक मोजायचं, अर्धविरामाला दोन, पूर्णविरामाला चार, आणि मोठ्यानं मोजायचं. त्यामुळे अख्खा वर्ग "काऊ इज अ युसफुल ॲनिमल, एक, शी गिव्हज अस मिल्क, एक दो तीन चार" असं कोरसात ओरडायचा. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत कवायत चालली आहे.

शब्दांचीही तीच तऱ्हा. साधा शब्द म्हणजे अडाण्याचा शब्द, असं त्यांचं मत. 'बिग' लिहिलं की मार्क कापायचे; 'एनॉर्मस' पाहिजे. मी निबंधात बापाबद्दल "माय फादर इज ॲन एनॉर्मस फार्मर" असं लिहिलं. माझा बाप काडीसारखा वाळलेला होता. मास्तरांनी ते वाक्य वर्गाला वाचून दाखवलं, नमुना म्हणून.

मी मॉनिटर होतो आणि माझा पहिला नंबर कधी हुकत नसे. माझ्या शेजारी पट्टीवर एक मुलगा बसायचा. त्याचे वडील अंबडलाच शिंपीकाम करत. घरी उर्दू, पण माझ्याशी तो मराठीत बोलायचा. त्याचा मामा जालन्याच्या स्टेशनावर पार्सल ऑफिसात कारकून होता. सुट्टीत हा तिकडे जाई आणि मामाकडे येणारी पत्रं वाचे. माल कुठं अडकला, पेटी का फुटली, कोण कधीपासून रजेवर आहे, असली ती पत्रं. सगळी इंग्रजीत. वर्गात एवढ्या एकालाच इंग्रजीचं काही काम पडलं होतं.

सहामाहीत एक वाक्य आलं, अर्थ असा : मला तीन दिवसांपासून ताप आहे. वहीप्रमाणे आम्ही सगळ्यांनी 'फ्रॉम थ्री डेज' लिहिलं. त्यानं 'फॉर थ्री डेज' लिहिलं. मास्तरांनी त्याला उभं केलं.

"फ्रॉम म्हणजे पासून. फॉर म्हणजे साठी. ताप तीन दिवसांसाठी आला काय रे? पाव्हणा हाये का तो?"

वर्ग खो खो हसला. मी सगळ्यात जास्त.

"मामूच्या हापिसात असंच लिहितात साब," तो म्हणाला.

"मंग मामूलाच पाठव परीक्षेला," मास्तर म्हणाले आणि त्याच्या पेपरवर भोपळा काढला.

खडू आणि हजेरीबुक आणायला शाळेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. त्या कपाटात इंग्रजी व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते इतकं कोरं होतं की त्याची काही पानं अजून कापलेलीसुद्धा नव्हती. पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मी ते उघडलं आणि अर्ध्या तासात ते वाक्य सापडलं. तो बरोबर होता. मास्तर चूक, आम्ही सगळे चूक. मी पुस्तक होतं तसं ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि कुणालाही बोललो नाही. पुढच्या चाचणीत मी पुन्हा 'फ्रॉम'च लिहिलं आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले. पेपर तपासणारे मास्तर होते, पुस्तक नव्हतं.

थंडीच्या दिवसांत शाळा तपासायला तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, मोहतमिमसाहेब आले. त्यांनी फळ्यावर स्वतःच्या मनानं दहा वाक्यं लिहिली आणि गाळलेल्या जागा भरायला सांगितलं. वहीतलं एकही वाक्य जसंच्या तसं नव्हतं. मास्तरांचा चेहरा पार उतरला. सहाव्या वाक्याचा अर्थ होता, तो तीन दिवसांपासून आजारी आहे. या वेळी तपासणारे मोहतमिमसाहेब, म्हणून मी 'फॉर' लिहिलं. तेरा-चौदा वर्षांचा होतो, पण एवढी अक्कल मला पुरेपूर आली होती.

साहेबांनी तिथंच बसून पाट्या तपासल्या. "पूरी जमात में सिर्फ दो लडकों ने सही लिखा है," ते म्हणाले. एक मी, दुसरा तो.

मास्तर क्षणभर गडबडले, मग एकदम सावरले. "हुजूर, रोज सांगतो मी यांना. पण डोक्यातच जात नाही. हा मॉनिटर तेवढा ध्यान देतो. काय रे, मी काय शिकवलं व्हतं?"

"फॉर, साब," मी म्हणालो.

"और ये दूसरा?" साहेबांनी विचारलं.

"हा बिलकुल कमजोर आहे, हुजूर. मॉनिटरच्या बाजूला बसतो. बघून लिहिलं असंल." आणि मास्तरांनी रजिस्टर पुढं केलं. त्यात त्याच्या नावापुढं सहामाहीतला तोच भोपळा होता.

"मैंने नहीं देखा, साब," तो म्हणाला. "मुझे आता है."

साहेब माझ्याकडे वळले. "क्यों, इसने तुम्हारा देख के लिखा?"

नाही, असं एकच म्हणायचं होतं. तो काय लिहितोय ते मला दिसत होतं. त्यानं माझ्यापेक्षा आधी लिहिलं होतं. मास्तर साहेबांच्या मागं उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"मालूम नहीं, साब," मी म्हणालो.

साहेबांनी त्याला आणखी एक वाक्य घातलं असतं तर सगळं उघड झालं असतं. पण हेडमास्तरांकडे जेवण तयार होतं आणि बोलावणं दोनदा येऊन गेलं होतं. साहेबांनी त्याच्या पाटीवर फुली मारली, मास्तरांच्या मेहनतीची तारीफ केली आणि हात धुवायला निघून गेले. मग मास्तरांनी 'फ्रॉम' लिहिणाऱ्या सगळ्या पोरांना छड्या दिल्या. हाच शब्द त्यांनी वर्षभर त्यांच्याकडून घोकून घेतला होता. पोरं हात पुढं करत राहिली.

शाळा सुटल्यावर तो पटांगणात थांबला होता.

"तू काहून बोलला न्हाई?"

"मी थोडंच पाह्यलं तू कुठं पाहून लिहून राह्यला ते," मी म्हणालो.

"तू पाह्यलंस," तो म्हणाला. त्यानं आवाजही चढवला नाही. "कपाटातलं पुस्तक वाचून राह्यला व्हतास, तेबी मी पाह्यल्तं."

तो दप्तर उचलून चालता झाला.

तो पुन्हा शाळेत आला नाही. महिन्याभरानं कळलं की तो मामाकडे जालन्याला चालला आहे. मी त्याच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो होतो असं मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे तो कुणाला काही बोलला आहे का, हे बघायला गेलो होतो. तो ओसरीवर वळकटी बांधत होता. त्याच्या अम्मीनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुम पहिले नंबर के बेटा. इसको थोडा पढाया होता तो ये भी पास होता."

त्यानं घरी काहीच सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यात राग नव्हता. मला मोजून बाजूला ठेवल्यासारखं ते हसू होतं. "जाऊ दे अम्मी," तो म्हणाला, "हा लई बिझी राह्यतो." मी पाणी अर्धवट ठेवून उठलो.

सालानात मी पहिला आलो. मास्तरांची मोठ्या शाळेवर बढती झाली आणि जाताना त्यांनी मला इंग्रजीत दोन ओळींचा दाखला लिहून दिला. त्या दोन ओळींत तीन चुका होत्या. त्याच दाखल्यावर मला पुढच्या शाळेत प्रवेश मिळाला. तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि "बहोत अच्छे" म्हणून सही केली.