बिरुदेवचा जोड

गाडीत पिवळा दिवा लागला की मला नुसता राग येतो. सिद्धप्पाला मात्र घास गिळवत नाही. हे त्याची बायको विजयमाला सांगते, आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण गेल्या वर्षी एका दिव्यापायी हा माणूस चार महिने धड जेवला नाही. दिवा माझ्या गाडीतला होता.

मी राहते सोलापुरात आणि शिकवते माढ्याच्या शाळेत. रोजचं जाणं-येणं डिझेल गाडीने. या नव्या डिझेल गाड्यांचं एक दुखणं असतं. धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी बसवलेली असते, आणि ती किती भरली हे गाडीला कळवायला काड्यापेटीएवढा एक सेन्सर. तो खोटं सांगू लागला की गाडी धास्तावते, दिवा लावते आणि चढावर बसकण मारते. मोहोळच्या पुलावर माझी गाडी अशी बसली तेव्हा मागच्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. सगळे म्हणाले, सेन्सर बदलून टाका. सिद्धप्पा म्हणाला, "बदलायला काय, खुळ्यालाबी येतंय. आदी त्याला झालंय काय ते बघू की."

अक्कलकोट रोडला त्याचं गॅरेज आहे. माणूस बावन्न वर्षांचा, काटक, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. ट्रॅक्टरवर हात बसवून शहरात आला, आणि गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीचे मिस्त्री कपाळाला हात लावून बसले असताना याने तपासणीचं यंत्र घेतलं आणि एकट्याने शिकला. एका जागी उभं राहणं त्याला ठाऊक नाही. बोनेटवर यंत्र ठेवून गाडीभोवती फिरत राहणार, मध्येच वाकून आकडा बघणार, आणि आकड्याशीच भांडणार. "इंजिन बंद हाय तर हितं शून्य पायजे. चौदा दावतंय. कुणाचा दाब हाय ह्यो बाई, तुमचा का माजा?" मग सेन्सरच्या दोन रबरी नळ्या काढायच्या, फुंकायच्या, आतली काजळी मऊ ब्रशने झाडायची, फवारा मारून सावलीत वाळवायचं. लहान पोराचे कान साफ करावेत इतक्या जपून. दहातल्या सात गाड्या एवढ्यावर बऱ्या होतात.

उरलेल्या तिनांत वायरचं काम असतं. ते शेजारच्या शटरमधल्या बिरुदेवचं. हा वैरागकडचा, तासाला दोन शब्द बोलणारा. एकोणीस वर्षं दोघं भिंतीला भिंत लावून होते. सिद्धप्पाने दोष शोधायचा, बिरुदेवने वायर जोडायची, दुपारी एकाच फडक्यावर भाकरी सोडायची. एक बोलतो आणि एक ऐकतो, संसार असेच टिकतात. बिरुदेवकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सिद्धप्पाच्या शब्दावर यायचं. बिरुदेवने कधी पाटीसुद्धा लावली नाही.

गेल्या वर्षी नवरात्रात उंदराने माझ्या गाडीतल्या त्या सेन्सरची वायर कुरतडली. बिरुदेवने जोड मारला. सिद्धप्पाने तेवढ्यात सेन्सर सफाईसाठी उघडला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडली खंडेनवमी. हत्यारं पाटावर मांडली, पूजा झाली. आता शिलंगण होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. गाडी तशीच उघडी पडून राहिली, आणि मी दोन दिवस तणतणत एसटीने फिरले. दसऱ्यानंतर गाडी मिळाली. महिनाभर चांगली चालली, आणि नोव्हेंबरात दिवा पुन्हा लागला.

त्या दिवशी गॅरेजात आम्ही चौघं गिऱ्हाइकं होतो. सिद्धप्पाने यंत्र लावलं, वायर बोटाने हलवत हलवत जोडापाशी आला, आणि शून्याचा आकडा चाळीसवर उडाला. पुन्हा हलवली, पुन्हा उडाला. त्याने तिथूनच हाक मारली. "बिरुदेव, कच्चा हाय की जोड तुजा. झोपंत मारलास व्हय?"

बिरुदेव आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "न्हाय."

"मग आकडा लबाड बोलतोय?" असं म्हणून सिद्धप्पाने सगळ्यांदेखत तो जोड कापला आणि स्क्रूच्या डब्यात भिरकावला. मला शाळेला उशीर झाला होता. माझं तोंड तसंही फटकळ. मी म्हणाले, "अहो, हात थरथरत असतील तर माणसाने काम घेऊ नये." बिरुदेवने माझ्याकडे बघितलं.

आठवड्याभरात त्याचं शटर पडलं ते पडलंच. त्या चौघांपैकी दोघांनी बाहेर सांगितलं होतं, सिद्धप्पाच म्हणतोय त्याचा जोड कच्चा. मग कोण येणार? तो वैरागला भावाकडे निघून गेला. सिद्धप्पा म्हणाला, "जाऊ दे. रुसलाय. यील." पण बोलताना त्याची नजर त्या शटरवर होती.

आणि डिसेंबरात दिवा परत लागला.

आता जोड सिद्धप्पाने स्वतः मारलेला होता. तो अक्षरशः घरदार विसरला. सकाळी सहाला फोन. "बाई, आज शाळा हाय का? मग जाताना गाडी दावून जावा." एकदा मांडीवर यंत्र घेऊन माझ्याबरोबर मोहोळपर्यंत आला, सबंध वाटेत आकड्यावरचं बोट हललं नाही, आणि तिथून एसटीने परत गेला. सेन्सर तीनदा साफ केला. नळ्या बदलल्या. दर वेळी वायरच्या टोकाचा, सेन्सरमध्ये बसणारा प्लग काढून घातला की दिवा काही दिवस जायचा, आणि आता गेला म्हणेपर्यंत यायचा. विजयमाला म्हणाली, "रातचं उटून बसत्यात. म्हणत्यात, माजाबी जोड कच्चा कसा आसंल?" मी एकदा चिडून म्हटलं, बदला तो सेन्सर आणि सोडा मला. तर म्हणाला, "सेन्सरचं काय न्हाय हो बाई. मी एका माणसाला नाव ठिवलंय."

मार्चमधल्या एका रविवारी त्याने प्लगच सुईने उकलला. आत पाणी जाऊ नये म्हणून रबराची एक चकती असते, ती उचलली. खाली तांब्यावर हिरवट बुरशी, चिकट, आणि त्या चिकट्यात लाल काहीतरी. चष्मा पुसून त्याने बघितलं, मग प्लग माझ्यापुढे धरला. "बाई, हे काय हो?"

मी बोटावर घेऊन चोळलं. कुंकू होतं.

दोघांच्याही ध्यानात एकदमच आलं. खंडेनवमीला सिद्धप्पा गाडीच्या पत्र्यावर नारळाचं पाणी शिंपडत नाही. बोनेट उघडतो आणि हळदकुंकू वाहून नारळाचं पाणी थेट इंजिनावर सोडतो. पत्र्याला देऊन काय, खरा जीव आत आहे, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी माझ्या गाडीचा प्लग सेन्सरपासून काढलेला, आ वासून लोंबत होता. नारळाचं गोड-खारट पाणी त्यात गेलं, आणि हत्यार हाती धरायचं नाही म्हणून कुणी पुसलंही नाही. बिरुदेवचा जोड त्या प्लगपासून चार बोटांवर. जोड हलवला की प्लग हलायचा, आणि आकडा उडायचा.

सिद्धप्पाने स्क्रूचा डबा जमिनीवर पालथा केला. कापलेला जोड सापडला. टेप सोलली, ब्लेडने वरची नळी चिरली. आत कथलाचा डाख गोल, चकचकीत, तांब्याची एक तार बाहेर नाही. तो ऑइलच्या डब्यावर बसला. "एन माडली," एवढंच कानडीत म्हणाला. काय करू आता. मला त्याची कीव आली, आणि माझी त्याहून जास्त लाज वाटली.

नवा प्लग त्याने तासात बसवला. दिवा गेला. त्याच गाडीने आम्ही वैरागला गेलो. वाटेत तो तीनदा म्हणाला, गाडी जरा दाबा, आणि एकदा म्हणाला, परत फिरवा.

बिरुदेव भावाच्या पिठाच्या गिरणीत होता. पापण्यांपर्यंत पांढरा. दळणाला पाच-सहा बाया बसलेल्या. आम्हाला बघून त्याने मान हलवली आणि पायलीतलं धान्य ओतत राहिला. गिरणीच्या आवाजात सिद्धप्पाने ओरडूनच सगळं सांगितलं, प्लग, कुंकू, नारळ. मग कापलेला जोड पुढे केला. "वढून बघ."

बिरुदेवने दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून ओढली. तार बोटांत रुतली. जोड सुटला नाही. तो जोडाकडे बघतच राहिला.

"मला वाटलं, आसंल कच्चा," तो म्हणाला. "तू म्हणलास म्हंजी आसंलच. गेल्या म्हैन्यात हितला बोर्ड जळला. भावानं बार्शीचा वायरमन बोलिवला. मी हात लावला न्हाय."

मी पुढे झाले. म्हणाले, "बिरुदेव, मी फार वाईट बोलले. चुकलं माझं."

"तुमी आला तरी, बाई," तो म्हणाला. मग सिद्धप्पाकडे वळला. "तितं चार माणसं होती. बाकीची तीन?"

सिद्धप्पाने खिशातून फोन काढला. बिरुदेवने खटका पाडला आणि गिरणी थांबत थांबत गप्प झाली. बाया माना वळवून बघू लागल्या. सिद्धप्पाने पहिला नंबर लावला, मग दुसरा, आणि भर गिरणीत उभं राहून दोघांना तेच सांगितलं. मी सिद्धप्पा बोलतोय. बिरुदेवच्या जोडाला मी नाव ठेवलं ते खोटं होतं. जोड पक्का हाय, चूक माजी. ध्यानात ठेवा आणि ज्याला ज्याला सांगितलंय त्याला सांगा. सांगताना तो गिरणीत येरझारा घालत होता, पिठात त्याच्या चपलांचे ठसे उमटत होते.

तिसरा फोन नुसता वाजत राहिला. सिद्धप्पाने तो कानावरून खाली घेतला.

"परत लाव," बिरुदेव म्हणाला.