माझ्या नावावरचा जुगार

माझ्या नवऱ्याने स्वतःवर बंदी घालून घेतली त्या रविवारी मी पुरणपोळ्या केल्या होत्या. कॅनडातल्या वॉटर्लूच्या आमच्या काँडोत कटाची आमटी उकळत होती आणि हा महात्मा सोफ्यावर बसून जुगारावर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाच्या बंदी-यादीत स्वतःचं नाव घालत होता. इथे ऑनलाइन जुगार चालवायचा तर परवाना लागतो, आणि परवाना हवा तर या यादीतल्या माणसाला आत घ्यायचं नाही, असा नियम आहे. आधी क्रिकेटच्या मॅचवर आणि मग कॅसिनोच्या गेम्सवर त्याने आमचं घर पोखरून ठेवलं होतं. "बघ, आता पाच वर्षं सगळं ब्लॉक," तो म्हणाला. "कुठलीच साइट मला एन्ट्री देणार नाही." मला रडूच आलं. आपल्या नवऱ्यात एवढी हिंमत आहे असं कधी वाटलं नव्हतं. त्याच्या पोळीवर मी सढळ हाताने तूप वाढलं.

आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्या मराठी घरांत एक वाटणी न बोलता झालेली असते. बायको कितीही शिकलेली असो, 'ऑनलाइनचं' नवरा बघतो. टॅक्स, विमा, पासपोर्ट, विजेचं बिल. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सचे फोटो त्याच्या फोनमध्ये, माझे पासवर्डही त्याच्याकडे. मी स्वतः शेजारच्या किचनर शहरातल्या एका कंपनीत दिवसभर लोकांच्या लॉगिन स्क्रीन तपासते, आणि घरी आल्यावर माझा पासवर्ड काय रे, म्हणून त्याला विचारते. याला आम्ही संसार म्हणतो. त्यामुळे मी भेंडी चिरत असताना त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि "डावीकडे बघ, आता उजवीकडे, डोळे मीट" म्हणाला, तेव्हा मी मुकाट्याने तसं केलं. "हेल्थ इन्शुरन्सचं व्हेरिफिकेशन," तो म्हणाला. मी भेंडीला मीठ घालायला वळले.

मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला तेव्हा आम्ही गॅरेजमध्ये बसलो होतो. गाडीला विंटर टायर्स बसवत होते, बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता, आणि नवरा माझ्या शेजारच्या खुर्चीवर कॉफी पीत होता. फोनवरचा मुलगा इतक्या गोड आवाजात बोलला की मला तो फ्रॉडच वाटला. पण त्याला माझी जन्मतारीख माहीत होती, पत्ता माहीत होता. तो एका जुगाराच्या साइटच्या प्लेयर प्रोटेक्शन विभागातून बोलत होता. "मॅडम, तुमच्या खेळण्यात बदल दिसतोय. हरलात की लगेच पुन्हा डिपॉझिट करता. कामाच्या वेळेतही खेळता. आम्हाला तुमची काळजी वाटते." नियामकाने त्यांना हे बंधनकारक केलंय. खेळणाऱ्यावर नजर ठेवायची, तो बुडतोय असं दिसलं की कंपनीच्या माणसाने त्याला फोन करून बोलायचं.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीवरचं टायरचं पोस्टर इतकं मन लावून वाचत होता की मला सगळं कळलं. भेंडी चिरतानाचं ते 'डावीकडे बघ' आठवलं.

"एक प्रश्न मला विचारावाच लागतो," मुलगा म्हणाला. "हे अकाउंट तुमच्याशिवाय दुसरं कोणी वापरतं का?"

आता नवऱ्याला तोंड फिरवावं लागलं. त्याने कॉफीचा कप जमिनीवर ठेवला आणि चार गोऱ्या माणसांदेखत मला हात जोडले. कंपनीत मॅनेजर असलेला, मराठी मंडळात भाषणं ठोकणारा माणूस. मला त्याची किळस आली आणि दयाही आली, आणि नेमकी त्या दयेनेच माझा घात केला.

"नाही," मी म्हटलं. "मीच खेळते."

मग त्या मुलाने माझी जी विचारपूस केली! झोप लागते का, एकटं वाटतं का, घरी कोणाशी बोलता का. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे प्रश्न मला कोणी विचारले नव्हते. मी म्हटलं, मलाही बंदी घाला. त्याने माझं कौतुक केलं आणि नियामकाच्या यादीत मला पाच वर्षांसाठी घातलं. आयुष्यात कधी हाऊजीचं तिकीटसुद्धा न घेतलेली मी अट्टल जुगारी ठरले. गाडी तयार आहे म्हणून काउंटरवरून हाक आली.

गाडीत नवरा म्हणाला, "थँक्स."

"थँक्स तुझ्या आईला म्हण," मी म्हटलं. "तिने तुला असा वाढवला." वाईट बोलले, पण तो बोलण्याच्या लायकीचाच होता. पैशांचं मी गिळलं असतं. माझं नाव मला परत हवं होतं. माहेरी, ऑफिसात, इथल्या चार घरांत माझ्याकडे फक्त तेवढंच होतं, की ही सरळ बाई आहे.

सोमवारी मी नियामकाच्या कार्यालयात फोन करून सगळं विचारून घेतलं. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, दुसऱ्याने तुमची ओळख वापरली असेल तर तक्रार करता येते, चौकशी होईल, पण ती व्यक्ती कोण हे तुम्हाला सांगावं लागेल. रात्रीच्या जेवणावर मी हे नवऱ्याला ऐकवलं, मुद्दाम, एकेक शब्द चावून. "तुला या आठवड्याची मुदत आहे. तू स्वतः सांग, नाहीतर मी सांगते." त्याचा हात पानातच थांबला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं. तो उठला आणि त्याने ताट घासून ठेवलं.

शनिवारी नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिचे डोळे सुजलेले होते. "काय गं हे? तू जुगार खेळतेस?"

मी म्हटलं, "आई, मी नाही. तो खेळतो. माझ्या नावाने."

आई पदराने नाक पुसत म्हणाली, "जावईबापू म्हणालेच होते मला. 'ती माझ्यावर ढकलेल, पण तुम्ही तिला रागावू नका.' आजारच असतो म्हणे तो. अगं, देवमाणूस मिळालाय तुला." मागून नवरा चहाचा कप घेऊन आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्यात डोकावला आणि म्हणाला, "आई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी आहे ना."

मी नियामकाच्या कार्यालयात त्याचं नाव कळवलं. त्याच्या बापाच्या नावासकट.

काही आठवड्यांनी त्याच बाईंचा फोन आला. त्यांनी जुगाराच्या कंपनीकडून गॅरेजमधल्या त्या दिवसाच्या कॉलचं रेकॉर्डिंग मागवून ऐकलं होतं. त्यात मी स्वच्छ आवाजात मीच खेळते म्हणत होते. व्हेरिफिकेशनमधला चेहराही माझाच होता. त्यांनी नवऱ्यालाही विचारलं होतं. त्याने सगळं सहकार्य केलं म्हणे, बायकोच्या आजाराबद्दल फार समजूतदारपणे बोलला. चौकशी त्यांनी अजून बंद केली नव्हती, पण तोपर्यंत माझं नाव यादीतच राहणार होतं.

मग बाईंचा आवाज हळवा झाला. "घरी तुमची काळजी घेणारं कोणी आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "तेच तर तो सगळ्यांना सांगत फिरतोय."