खिडकीतले सर

राजापेठेत मी हार-फुलं विकते. माझ्या डोक्यावर, माडीवर इंग्रजीचा क्लास आहे. तिथले सर रोज माझ्याकडून सरस्वतीच्या फोटोसाठी शेवंतीचा हार नेतात. पिशवी घेत नाहीत, उघड्या तळहातावर हार धरून जिना चढतात.

पुस्तकातली वाक्यं त्यांना आवडत नाहीत. काल झालेलं कसं सांगायचं, आत्ता चाललेलं कसं, हे ते पोरांना खिडकीत उभं करून शिकवतात. खाली जे दिसेल, त्याचं इंग्रजी करायचं. मी हार ओवते, त्याचंही वाक्य होतं. मी चौथी शिकलेली, पण माझं वाक्य मला आता ओळखू येतं.

परवा अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. त्यातल्या एका माणसानं माझी टोपली ओढली, मी सोडेना. गुलाब रस्त्यावर सांडले. वर पाहिलं तर खिडकी पोरांनी भरलेली. एका मुलीनं घाबरत वाक्य सांगितलं.

सर म्हणाले, "झालं म्हणू नको, बेटा. अजून चालू आहे. परत सांग."

तिनं परत सांगितलं. "शाब्बास," ते म्हणाले. माझ्या हातून टोपली सुटली.

काल मी दुसरी टोपली घेऊन तिथंच बसले. सर आले, तळहात पुढे केला.

"फार वाईट झालं, मावशी."

"तुमी तं पाहून राहिले होते. एक आवाज काहून नाही दिला?"

"तास चालू होता ना, मावशी."

हे त्यांनी अगदी सरळ मनानं सांगितलं. मी त्यांच्यासाठी काढलेला हार टोपलीत परत ठेवला. ते तळहात तसाच उघडा धरून जिना चढून गेले.