रडव्या वकिलाची लाल फीत

पॅरिसात चित्रांच्या एका दुकानात छापील चित्रांना हाताने रंग देणाऱ्या बायका एका लांब टेबलाशी बसत. एकीने निळा द्यायचा, दुसरीने पिवळा, क्लेमांसकडे लाल. ही चित्रं ज्या साप्ताहिकात येत, त्यात वकिलांची टिंगल नेहमीचीच, म्हणून त्यांची लाल नाकं रंगवता रंगवता तिचा दिवस जाई. वकिलांची किळस मात्र तिला आली ती भावाच्या खटल्यात.

भाऊ अन्सेल्म पाणक्या. एका घरातला चांदीचा चमचा चोरल्याचा त्याच्यावर आळ. बिचारा पहिल्यापासून नाही म्हणत होता. आणि त्याचा वकील बुशार उभा राहिला तो भलत्याच अशिलाचे कागद घेऊन!

"होय, चोरला!" बुशार गरजला. "पण कोणासाठी? आंधळ्या, म्हाताऱ्या आईसाठी!" आणि मेला ओक्साबोक्शी रडायला लागला.

"अहो, मी नाही चोरला! आई कधीच वारली माझी!" अन्सेल्म ओरडला.

"पाहिलंत? दुःखाने भ्रम झालाय पोराला," बुशार म्हणाला. झालं. दोन वर्षं तुरुंग.

बाहेर क्लेमांसने त्याची वाट अडवली. "साहेब, कागदांची अदलाबदल झाली, एवढंच लिहून द्या. अपिलाला तेवढं पुरेल."

"बाई, स्वतःच्या सहीने कोणी स्वतःचं नाक कापतं का?" असं म्हणून तो सरकारी वकिलाच्या गळ्यात हात टाकून कालवं खायला गेला. शी! आत भांडायचं आणि बाहेर एका ताटात जेवायचं!

मग तिने साप्ताहिकाच्या चित्रकाराला सगळं सांगितलं. गावभर बुशारचं हसं झालं की लाजेखातर तरी तो लिहून देईल, असं तिला वाटलं. चित्र झकास उतरलं. बुशार टिपं गाळतोय, शेजारी अन्सेल्म तोंड वासून उभा. दुकानाच्या काचेपाशी ही गर्दी! अपिलाची मुदत अजून उरली होती. बुशारचं नाक तिने हौसेने लालभडक केलं होतं.

आणि बुशार आला की हो दुकानात! क्लेमांस कुंचला ठेवून उठली.

"वा! अगदी मीच!" तो खूश होऊन म्हणाला. "डझनभर प्रती द्या. फक्त माझ्या मानाची लाल फीत राहिली बघा छातीवर. तेवढी लावा."

शेण अंगावर पडलं तरी अत्तर म्हणून चोळतील, अशी ही जात. लाजच नाही, तर लाजवणार कोणाला?

"साहेब, ते अपिलाचं..." ती पुढे झाली. "हा शेजारी उभा आहे ना, तो माझा भाऊ. तुरुंगात आहे हो."

त्याने चित्र डोळ्यांजवळ नेलं. "हा? असेल, असेल. किती येतात! अपिलाबिपिलात काही राम नाही, बाई."

मालकीण डोळे वटारून बघत होती. क्लेमांस लाल रंगाच्या वाटीत पचकन थुंकली, चांगलं ढवळलं आणि बाराही छात्यांवर फीत चढवली.

बुशारने चित्रं काखोटीला मारली. दारात थांबून, डोळे ओले करून म्हणाला, "आणि हो, त्याच्या आंधळ्या आईला माझा नमस्कार सांगा."