बिनधुराची गुडगुडी

गुडगुडी ओढणारी माणसं जगात पुष्कळ झाली, ओढून खोकणारी त्याहून जास्त झाली. पण गुडगुडी घासण्यासाठीच ज्यानं जन्म घेतला असा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे मी फुशारकीनं सांगत नाही. आमचं लग्न ठरताना तिकडच्या मंडळींनी सगळं मोकळेपणानं सांगितलं होतं, सासऱ्यांची साखर किती वाढते तेसुद्धा. पूर्णेच्या मामांबद्दल मात्र "रेल्वेतून रिटायर झालेत, स्वभाव शांत आहे" एवढ्यावर भागवलं. शांत आहेत, यात वादच नाही. हातात चिंचेचा गोळा आणि मांडीवर पितळी भांडं असलेला माणूस भांडायला उठेल कशाला?

गुडगुडी म्हणजे छोटा हुक्का. मामांची गुडगुडी त्यांच्या आजोबांची, निजामाच्या राजवटीतली. खाली पाणी भरायचं पोट सुटलेलं पितळी भांडं, त्यात उभी सागवानी दांडी, दांडीच्या डोक्यावर निखारे ठेवायची मातीची चिलीम आणि बाजूनं निघालेली ओढायची नळी. लोक शोकेसमध्ये पोराबाळांची बक्षिसं ठेवतात, मामांच्या शोकेसमध्ये ही बाई एकटी बसलेली असते. रोज सकाळी तिला खाली उतरवून अंगणात पाटावर घेतात आणि तिचे सगळे सांधे सुटे करतात. भांड्याला आधी चिंच-मीठ, मग राख, मग पुन्हा चिंच. आत मूठभर ज्वारी आणि पाणी घालून ते असं खुळखुळवतात की शेजारच्यांना गजराची गरज पडत नाही. दांडीच्या पोटातून सायकलच्या आऱ्याला फडकं गुंडाळून फिरवायचं, बाहेरून करडईचं तेल चोपडायचं. नळी कपड्यांच्या दोरीवर, मामींच्या साड्यांच्या मधोमध, चिमटा लावून वाळत. चिलीम धुवायची नसते, भाजायची असते. म्हणून ती गॅसच्या दुसऱ्या शेगडीवर, भाकरीच्या तव्याला खेटून. यावरून घरात रोज एक युद्ध होतं आणि रोज मामी हरतात.

या सगळ्यात पाणी ओतायचं काम मामांच्या एकुलत्या एका मुलीचं, अश्विनीचं. अगदी लहान असल्यापासून तांब्या तिच्याच हातात. मोठी झाली, शिकली, एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागली, तरी ड्युटीला जायच्या आधी अंगणात येऊन बारीक धार धरायची. दुसऱ्या कुणाची धार मामांना चालत नसे. घासता घासता बापलेकीचं बोलणं चाले: शाळेतल्या बाई, मैत्रिणींची भांडणं, पुढं दवाखान्यातला डॉक्टर कसा सुई बघून स्वतःच घाबरतो ते. मामी आतून ओरडत, "झाली का तुमची पूजा? हितं च्या निवून पाणी झाला!" पूजा काही संपत नसे.

आता खरी गंमत ऐका. या गुडगुडीतून धूर निघालेला मी एकदाही पाहिला नाही. मामा तंबाखू विकत आणत नाहीत, निखारा पाडत नाहीत, पानसुद्धा बिनतंबाखूचं खातात. नवानवा जावई असताना मी एकदा धीर करून विचारलं, "मामा, जी तुम्ही वापरतच नाही, ती घाण होते तरी कशी?"

मामांनी चिंचेचा हात तसाच वर धरला. "जावई, देव काय शेतात राबायला जातेत का? मंग रोज आंघोळ कामून घालता?"

यावर मी मान डोलावली. माझ्या बायकोला वाटलं मी आदरानं डोलावली.

बरं, स्वतःच्या जिनसेवर समाधान मानावं, तर तेही नाही. दुसऱ्याच्या वस्तूलाही यांचा हात शिवशिवतो. पाथरीच्या बाजारात एका मेंढपाळानं झाडाखाली आपली चिलीम टेकवली आणि तो घटकाभर डोळा मिटून पडला, तर मामांनी तेवढ्यात ती बोअरच्या पाण्यानं स्वच्छ धुऊन टाकली. त्या बिचाऱ्यानं बापापासून मुरवत आणलेली चिलीम! तो काठी घेऊन मामांच्या मागं लागला, आणि मामा पळता पळता त्याला समजावत होते, "आवं, आता लय ग्वाड लागंल!" माझंही तेच झालं. मी तेव्हा चोरून सिगरेट ओढत असे. एका मुक्कामी खिशातलं लायटर नाहीसं झालं. सकाळी बघतो तर चहाच्या कपाशेजारी ते सुटं करून, टाचणीनं कोरून, पुसून ठेवलेलं. इतकं स्वच्छ, इतकं लख्ख, की पुन्हा जन्मात पेटलं नाही. "धूळ लय बसल्ती," मामा म्हणाले. सासुरवाडीचं माणूस, बोलणार काय कपाळ!

अशा घरात मी अश्विनीसाठी स्थळ आणलं, म्हणजे बघा माझी छाती. मुलगा गंगाखेडला जनावरांच्या औषधांचं दुकान चालवतो, घर राणीसावरगावचं, शेती आणि मेंढरं. पोरगा आणि पोरगी फोनवर बोलून बोलून आधीच एकमेकांवर खूश झाली होती. बघायचा कार्यक्रम आमच्यासारख्यांना पोहे मिळावेत म्हणून होता. फक्त एक अडचण होती. मुलाकडं त्याच्या आजोबांचा शब्द शेवटचा. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी मान डोलावली तर लग्न, नाही तर फोन बंद. अश्विनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भावजी, तेवढं आबांकडं बघा. मला हेच घर पाहिजे."

मामींनी त्या दिवशी नवऱ्यापुढं हात जोडले. "आज तरी ते धूड आत ठिवा." मामांनी ऐकलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो. पाहुणे येणार म्हणून त्यांनी गुडगुडी पहाटेच उतरवली, घाईघाईनं पण दुप्पट घासली, आणि शोकेसची काच पुसून अशी मांडली की दारातून आत येणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडावी.

पडली ना! आबांचं लक्ष पोह्यांवर नव्हतं, मुलीवर तर नव्हतंच. फेट्याखालचे डोळे शोकेसवर.

"पाव्हणं, जिन्नस लय झ्याक हाय. भरा की."

मामांचा चेहरा पांढरा पडला. "आत्ताच घासलीय."

"मंग तर बेसच. घासलेलीच वडावी."

"न्हाई, म्हंजे... वाळली न्हाई अजून."

"आवं, पाणीच भरायचंय तिच्यात. वाळून काय करायचीय?"

मामांनी इकडंतिकडं बघितलं आणि शेवटी म्हणाले, "आमी ती भरीत न्हाई."

बैठकीत सगळ्यांचे चमचे थांबले. आमच्याकडच्या जुन्या माणसांचा हिशेब सरळ आहे: एका नळीला दोघांनी तोंड लावलं की सोयरे, आणि नळी द्यायला नकार दिला की संबंध तुटला. मी मामांच्या कानाशी लागलो, "मामा, मारू द्या दोन झुरके. मागनं दिवसभर घासा, वाटलं तर मी राख आणून देतो!" ते ढिम्म. शोकेसच्या काचेवर हात ठेवून उभे. या माणसाला पोरीपेक्षा पितळ प्यारं आहे, असं माझ्या मनात आलं, आणि मला त्यांचा असा संताप आला की त्या लायटरचासुद्धा आला नव्हता.

आबांनी ताटली खाली ठेवली. "आमी मेंढरामागं हिंडणारी माणसं. आंगाला वास येत आसंल. तुमच्या नळीला आमचं तोंड चालत नसंल, तर तुमची लेक आमच्या घरात कशी चालंल?" आणि ते काठी चाचपायला लागले. मुलगा बिचारा फरशीकडं बघत बसला.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली अश्विनी पुढं आली. ट्रे टेबलावर ठेवून म्हणाली, "आबा, बसा. बाबा सांगायचे न्हाईत, मी सांगते."

"अश्विनी, आत जा!" मामा ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

ती गेली नाही. "मला लहानपणी धाप लागायची. धूर आला की जास्तच. तवापासून बाबांनी या घरात धूर केला न्हाई. आता मला कायबी होत न्हाई, होळीपुढं उभी ऱ्हाते मी. पण ते ऐकत न्हाईत. आन पोरीला धाप होती म्हणलं की स्थळ जाईल, म्हणून तुमच्यापुढं बोलत बी न्हाईत."

मामींनी पदर तोंडाला लावला. आमच्याकडं मुलीचं दुखणं घराबाहेर काढत नाहीत, सख्ख्या भाचीलाही सांगत नाहीत. माझ्या बायकोचा चेहरा बघितला तेव्हा कळलं, तिलाही हे ठाऊक नव्हतं. आम्ही इतकी वर्षं मामांना चक्रम म्हणून हसत आलो. मामा मान खाली घालून उभे होते, चोरी पकडल्यासारखे.

आबा अर्धवट उठलेले तसेच थांबले. मग हळूच खाली बसले. "पाव्हणं, कशी सोडली वो? मला तर सुटंना."

"सोडली कुटं?" मामा फरशीकडं बघतच म्हणाले. "तल्लफ येतीच. आली की घासायला घितो."

"रोज येती?"

"रोज."

आबांनी गुडगुडीकडं बोट केलं. मग म्हणाले, "आना हिकडं. तंबाखू नको, निखारा नको. नुस्तं पाणी घाला आन कोरडीच द्या. गुडगुड तर ऐकू."

मामांनी गुडगुडी खाली उतरवली. अश्विनीनं तांब्या आणला, बारीक धारेनं पाणी भरलं. आबांनी मिशा बाजूला सारून नळी तोंडात धरली आणि ओढली. आवाज नाही. पुन्हा ओढली. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, फेटा मागं सरकला, तरी गुडगुडी मुकीच.

"आबा, ऱ्हाऊ द्या," मुलगा घाबरून म्हणाला.

"पाव्हणं," आबा धापा टाकत म्हणाले, "ही तर बुजलीय!"

"शक्यच न्हाई!" मामांना पोरीचं लग्न मोडताना जेवढं लागलं नसतं तेवढं हे लागलं. "आज दोनदा साफ केलीय!" ताबडतोब पाट आला, सांधे सुटले, सायकलचा आरा दांडीत गेला आणि दुसऱ्या टोकानं हळूहळू बाहेर आलं एक लाल फडकं. पहाटेच्या घाईत आतच राहिलेलं.

"अगं बया!" मामी किंचाळल्या. "माझ्या पोलक्याची बाही!"

आबा जे हसायला लागले ते थांबेनात. हसता हसता खोकले, खोकता खोकता काठी फेकून दिली आणि मामांच्या शेजारी खाली मांडी घालून बसले. "फडकं गुंडाळतेत व्हय कुनी? आडकतंय ते. मेंढराची लोकर गुंडाळावी, सपासप सुटून येती." मामा म्हणाले, लोकरीचे केस आत राहतात. आबा म्हणाले, राहिले तर तिची दाढी करून देईन. चिंच बरी की लिंबू, राख बाभळीची की गोवरीची, यावर दोघांची अशी जुंपली की मुलगी बघायला आलेली मंडळी मुलगी सोडून गुडगुडी बघत बसली. मुलगा-मुलगीनं तेवढ्यात गच्चीवर जाऊन कपडे वाळलेत का ते बघून घेतलं.

शेवटी सांधे जुळले. आबांनी नळी ओढली आणि पाणी खळाळून बोललं, गुड गुड गुड. आबांनी नळी मामांपुढं धरली. मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळे मिटले आणि एक कोरडा झुरका ओढला. बराच वेळ त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"जमली सोयरीक," आबा म्हणाले. "आता च्या आना गरम."

लग्न थाटात झालं. मामा पाठवणीच्या वेळी रडले नाहीत, जीपच्या काचा पुसत बसले.

त्यानंतर पूर्णेला जाणं झालं ते पावसाळा सरल्यावर. घरात शिरलो आणि शोकेसकडं बघून थबकलो. गुडगुडीवर हिरवट डाग चढले होते. मामी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "पोरगी गेल्यापासून हात लावला न्हाई बगा. तल्लफ आली की नुस्तं अंगणात फिरत ऱ्हातेत. काल वास आला मला, बिडीचा. धोपटून काढावं वाटलं, पण तोंड बघितलं आन च्या ठिवला." सासरहून आबांनी लोकरीचा गुंडा पाठवला होता. तोही कागदात बांधलेला तसाच पडून होता.

मी चिंच भिजत घातली, गुडगुडी उतरवली, पाट टाकला आणि तांब्या भरून अंगणात बसलो. मला त्या कामातलं ओ की ठो कळत नाही. मामा फिरता फिरता थांबले.

"ठिवा ते, जावई. तुमचं काम न्हाई."

"तुम्ही घासा. मी पाणी ओततो."

ते उभेच राहिले. मग कुरकुरत पाटावर बसले आणि भांडं मांडीवर घेतलं. मी धार धरली ती थेट त्यांच्या पायजम्यावर.

"आवं, बारीक! भांडं धुवायलाव का मला आंघोळ घालायलाव?"

दुसरी धार बाहीत गेली. मामा रागानं माझ्याकडं बघत होते, आणि बघता बघता त्यांचा आवाज उतरला. "पयल्यांदा तिचं बी आसंच व्हायचं. निम्मं माझ्या आंगावर."

मग ते घासायला लागले. मी विचारलं नाही तरी बोलायला लागले: अश्विनी सासरी मेंढराचं दूध काढायला शिकली, आबांना तिनं दम भरून दवाखान्यात नेलं. लोकरीचा गुंडा सोडून आऱ्याला गुंडाळला, दांडीतून फिरवला, बाहेर काढून उन्हात धरून बघितला. एकही केस आत राहिला नव्हता. "म्हातारा खरं बोलत हुता," असं त्यांनी नाइलाजानं कबूल केलं. ऊन वर येईपर्यंत पितळ पुन्हा पिवळंजर्द झालं. मामींनी आतून "च्या निवला!" म्हणून हाक मारली तेव्हा कुणीच उठलं नाही.

निघताना मामा दारापर्यंत आले.

"उद्या किती वाजता येता?" त्यांनी विचारलं.

मी परभणीला राहतो, सकाळी मला ऑफिस असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

"पहिल्या गाडीनं येतो," मी म्हटलं.