‘सकाळी होती’ असं मी लिहून दिलं

चाकणला मी सात महिने हॉटेलात राहिलो. हॉटेल म्हटलं की लोकांना गालिचे आणि सलाम ठोकणारा दरवान आठवतो. आमचं हॉटेल तळेगाव चौकातून जरा आत गेलं की लागायचं. खाली टायरचं दुकान, वर तीन मजले खोल्या, आणि दिवसभर कंटेनरच्या हॉर्नने थरथरणाऱ्या काचा. साताऱ्याच्या कारखान्यात मी क्वालिटीला होतो. आमचे सुटे भाग चाकणच्या एका कंपनीत जायचे आणि तिथे नवी लाइन सुरू होत होती. तिच्यावर नजर ठेवायला कोणीतरी हवं होतं. घरात लहान मुलं नाहीत, मुलगी लग्न होऊन नागपूरला, असा सोयीचा माणूस म्हणजे मी. वय चोपन्न.

खोली एक, पलंग एक आणि माणसं दोन, अशी तिथली पद्धत. मी दिवसाच्या शिफ्टला, दुसरा रात्रीच्या. तो एका ठेकेदाराकडचा मेंटेनन्सचा मेकॅनिक होता. मी सकाळी सहाला किल्ली काउंटरवर ठेवून कंपनीची बस पकडायचो. तो आठला येऊन तीच किल्ली घ्यायचा, दिवसभर झोपायचा आणि संध्याकाळी सहाला निघून जायचा. मी सातला परत. शनिवारी दुपारी तो तळेगावला बहिणीकडे जायचा, संध्याकाळी मी साताऱ्याला. रविवारी तो बहिणीकडूनच कामावर जायचा आणि मी मुक्कामाला खोलीवर यायचो. पाच महिने आम्ही एका गादीवर झोपलो आणि एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

सुरुवातीला मला शिसारी आली होती. दुसऱ्याच्या अंगाखालची गादी म्हणजे काय! घरून दोन चादरी आणल्या, रोज सकाळी माझी घडी करून कपाटात. आठवड्याने पाहतो तर त्याचीही घडी शेजारी, माझ्याहून नीट. खुर्चीवर नमाजाची चटई गुंडाळून ठेवलेली असायची, त्यावरून तो मुसलमान आहे हे कळलं. मग एक दिवस किटलीखाली चिठ्ठी सापडली, धोब्याच्या पावतीच्या पाठीवर. ‘काका, गीझरचं बटण तापतंय. ओल्या हाताने लावू नका.’ मी काका आहे हे त्याला कसं कळलं? कपाटातल्या माझ्या मफलरवरून आणि बीपीच्या गोळ्यांवरून कळलं असणार.

मी उत्तर लिहिलं. मग लिहीतच गेलो. पंखा रात्रभर कुरकुरतो म्हणून तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी चिठ्ठी, ‘पंख्याला समजावलंय, आता गप बसेल.’ आणि खरंच गप बसला. मी साताऱ्याहून कंदी पेढे आणून अर्धे ठेवायचो. रमजानात त्याने खजूर ठेवले, वर लिहिलं, ‘साखर असेल तर दोनच खा.’ परभणीकडचा, दोन मुली, वडील निवृत्त एसटी ड्रायव्हर, आई नाही, असं सगळं पावत्यांच्या पाठीवरून मला समजत गेलं. दिवसभर कंपनीत माझ्याशी बोलायचं कोण? लाइनवरची पोरं मला बघून पान खाल्लेलं तोंड लपवायची, एवढाच संबंध. बायकोला रोज फोन करायचो. ‘जेवलात का?’ ‘जेवलो.’ ‘बरं.’ तीस वर्षांनी नवरा-बायकोने फोनवर बोलायचं तरी काय? खोलीत शिरल्या शिरल्या मी बूट न काढता आधी किटली उचलायचो. खोटं कशाला सांगू, दिवसभरात मी त्या एकाच गोष्टीची वाट बघायचो.

आता अंगठी. लग्नात सासऱ्यांनी घातलेली, पिवळ्या खड्याची. लाइनवर अंगठी, घड्याळ, कडं काहीही चालत नाही. मशीनमध्ये बोट अडकलं तर बोटच जातं, आणि भागांवर ओरखडे पडतात ते वेगळंच. गेटवरच हात तपासायचे. त्यामुळे अंगठी आठवडाभर खोलीत, ड्रॉवरमधल्या चुन्याच्या रिकाम्या डबीत असायची आणि शनिवारी निघताना बोटात चढायची. बायको आधी बोट बघते आणि मग तोंड, म्हणून.

एका शनिवारी घालायला विसरलो. बायको मुलीकडे नागपूरला गेली होती, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. रिकाम्या घरात दोन वेळा खिचडी करून खाल्ली आणि रविवारी परत आलो. नंतरचा आठवडाभर डबी उघडलीच नाही. पुढच्या शनिवारी चारला खोलीवर आलो, घाईने डबी उघडली, तर रिकामी. गादी उलटी केली, पँटचे खिसे उलटे केले, संडासापर्यंत शोधलं. मग खाली मॅनेजरकडे गेलो.

मॅनेजर पस्तिशीचा, गोड बोलणारा. दाराच्या आत लावलेल्या पाटीकडे त्याने बोट दाखवलं. ‘मौल्यवान वस्तूंस व्यवस्थापन जबाबदार नाही.’ म्हणाला, “काउंटरला जमा केली असती साहेब, तर जबाबदारी आमची होती.” मी भडकलो. खोलीला कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या फळीवर, माणसं तुमची, मग जबाबदारी कोणाची, पाटीची? तो शांतपणे म्हणाला, “शेवटची कधी पाहिली होती?”

इथे मी जे केलं ते सांगायलाच हा खटाटोप. आठवडाभर डबी उघडली नव्हती. हे कबूल केलं असतं तर मी वेंधळा ठरलो असतो आणि हा माणूस हसून मला वाटेला लावणार होता. शिवाय अंगठी न घालता घरी गेलो होतो हे कधी ना कधी बायकोच्या कानावर जाणार, ही धाकधूक होतीच. मी म्हणालो, “आज सकाळी होती. सहाला बघूनच निघालो.”

“मग तसं लिहून द्या.”

मी लिहून दिलं आणि सही केली. त्याने किल्लीची वही उघडून माझ्यापुढे सरकवली. सकाळी सहा ते दुपारी चार, एकाच माणसाने किल्ली नेलेली. मॅनेजर आवाज उतरवून म्हणाला, “बघा ना साहेब, आता तुम्हीच समजून घ्या. तसली माणसं...” वाक्य त्याने पुरं केलं नाही. मीही त्याला पुरं करायला लावलं नाही, की गप्प बस म्हटलं नाही. गप्प मीच राहिलो.

सोमवारी संध्याकाळी साडेपाचला मॅनेजरने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मी कंपनीतून लवकर सुटून आधीच जाऊन बसलो होतो. दार उघडून एक बारीक, उंच, तेहतीस-चौतीसचा माणूस आत आला. नुकतंच तोंड धुतलेलं होतं, केस ओले. मला बघितलं आणि त्याचं तोंड हसण्याने भरलं. “काका? तुम्हीच ना?” दोन्ही हात पुढे करून तो माझ्याकडे आला. कशाला बोलावलंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, मी भेटायला बोलावलंय.

मॅनेजरने माझा कागद वाचून दाखवला. माझ्याकडे पुढे केलेले त्याचे हात हळूहळू खाली गेले. मॅनेजरकडे न बघता त्याने मलाच विचारलं, “काका, सकाळी तुम्ही डबी उघडून बघितली होती?”

“हो,” मी म्हणालो.

मग त्याने पाठीवरची पिशवी काढून टेबलावर पालथी केली. रिकामा जेवणाचा डबा, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, धुतलेला शर्ट. त्या शर्टाचे खिसे त्यानेच उलटून दाखवले. अंगठी नव्हती. नव्हतीच, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही असं मॅनेजर म्हणाला, आणि ते बोलणं ठेकेदारापर्यंत गेलं. दोन दिवसांत मेकॅनिकचा गेटपास परत घेतला, म्हणजे काम गेलं. पोलिसांत कोणी गेलं नाही. हॉटेलला नाव खराब करायचं नव्हतं, आणि मला, खरं सांगायचं तर, पुन्हा सही करायची नव्हती.

मला वरच्या मजल्यावर एकट्याची खोली मिळाली. हॉटेलची भरपाई म्हणून. पलंग माझा, कपाट माझं, पंखा न कुरकुरणारा. पहिल्या संध्याकाळी मी सवयीने किटली उचलली आणि स्वतःच्याच अंगावर ओरडावंसं वाटलं. तरी मनाला सांगत होतो, त्यानेच घेतली असणार, नाहीतर कोण घेणार? रोज हेच सांगावं लागत होतं, यावरूनच काय ते समजायला हवं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी रविवारचं ओव्हरटाइम निघालं म्हणून मी साताऱ्याला गेलो नाही. शनिवारी संध्याकाळी चहा पीत बसलो होतो, तर साफसफाईच्या मावशी हॉटेलच्या जादा किल्लीने दार उघडून थेट आत. मला बघून दचकल्या. त्या खेडकडच्या, पन्नाशीच्या, एरवी मोजकं बोलणाऱ्या.

“साहेब, तुमी गावाला न्हाई गेला व्हय?”

“नाही. का?”

“न्हाई, खाली लग्नाचं पाव्हणं आल्यात. खोली लावायची हाय.”

“माझी खोली?”

त्यांच्या लक्षात आलं, आपण नको ते बोलून गेलो. पण मी खुर्ची पुढे केली, चहा दिला, तेव्हा सांगितलं. हॉटेलमागच्या मंगल कार्यालयात लग्न असलं की शनिवारी कंपनीवाल्यांच्या रिकाम्या खोल्या वऱ्हाडाला द्यायच्या. कंपनी महिनाभराचं भाडं भरतेच, वर हे. “तुमच्या बॅगा आमी ष्टोअरमदी ठिवतो, अन् रविवारच्याला व्हत्या तशा लावतो. ड्रावर काय कोन बघतंय?”

“त्या शनिवारीही? मी अंगठीसाठी आरडाओरडा केला, त्याच्या आदल्या शनिवारी?”

“त्या दिशी तर धा मानसं व्हती तुमच्या खोलीत,” मावशी म्हणाल्या. “पर तुमी सांगितलं ना, त्या दिशी सकाळी व्हती म्हून. मंग मी काय बोलनार?”

आयुष्यभर मी एका गोष्टीसाठी पोरांना झापत आलो. गेज न लावता तक्त्यात माप भरायचं नाही. मोजलं नसेल तर जागा कोरी सोड, पण आकडा ठोकून देऊ नकोस, कारण पुढचा माणूस तुझ्या आकड्यावर विसंबून गाडी बनवणार आहे. एका पोराला तर मी यासाठी घरी पाठवलं होतं. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी न बघता ‘सकाळी होती’ ठोकून दिलं. माझ्या त्या दोन शब्दांनी हॉटेल सुटलं, दहा वऱ्हाडी सुटले, आणि अडकला तो एकच.

मॅनेजरकडे गेलो. तो जराही गडबडला नाही. फाइल काढून माझाच कागद मला दाखवला. “आम्ही काय केलं साहेब? तुम्ही लिहून दिलंत.” त्याची लबाडी त्याच्या जागी होतीच. पण त्या कागदावर अक्षर माझं होतं. मी दुसरा कागद लिहिला, आठवडाभर डबी उघडली नव्हती असा, आणि एक प्रत ठेकेदाराच्या ऑफिसात नेऊन दिली. तिथला माणूस म्हणाला, “आता त्या जागी दुसरा घेतलाय. पण ठेवून घेतो.” मेकॅनिकचा नंबर मात्र त्याने दिला. पाच महिन्यांत आम्ही एकमेकांचा फोन नंबर कधी मागितला नव्हता.

रविवारी ओव्हरटाइमच्या जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या कंपाउंडशी उभा राहून फोन लावला. मी कोण ते सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, “बोला साहेब.”

साहेब! मी घाईघाईने सगळं सांगितलं. डबीचं, वऱ्हाडाचं, दुसऱ्या कागदाचं. माफी मागितली. तो ऐकून घेत होता. मागे कुकरची शिट्टी झाली, एका लहान मुलीने काहीतरी मागितलं.

“मला माहीतच होतं साहेब, मी घेतली नव्हती ते,” तो म्हणाला. “मला सांगून काय करता? थांबा.”

फोन दुसऱ्याच्या हातात गेला. म्हातारा, जड आवाज. “हां, मी त्याचा बाप. तुमी त्या दिशी सकाळी डबी उघडून बघितली व्हती का?”

“नाही.”

“मंग कामून सांगितलं तसं?”

मला वेंधळा ठरायचं नव्हतं, हे चोपन्न वर्षांच्या माणसाला मोठ्याने बोलावं लागलं.  माझं संपल्यावर म्हातारा म्हणाला, “असं करा. त्याची बायको हाय इथं, सासरा आलाय, शेजारचे दोघं हायत. फोन मोठ्या आवाजावर टाकतो. आता पैल्यापासून सांगा.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. कोणीतरी मुलींना गप्प केलं. मी कोण, कुठे राहत होतो, इथून सुरुवात केली.